काकूंच्या ताटात काय वाढायचं?

आज राजारामपुरीत काकूंकडे गेले होते. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेत, आता रोजची लेट्रोझोलची गोळी (शरीरातलं इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी). पण घरी येणारा प्रत्येकजण एकेक पदार्थ बंद करून जातो! दूध नको, सोयाबीन नको, साखर तर विषच. घाबरून काकू नुसत्या पेजेवर आल्यात. फार वाईट वाटलं. अहो, जेवणातलं बेतानं सोयाबीन चालतं. साखरेनं कॅन्सर परत येतो असं नाही, वजन मात्र जपायचं. या गोळीनं हाडं ठिसूळ होऊ शकतात, मग दूध, नाचणी का सोडायची? काढे, पावडरी मात्र डॉक्टरांना विचारूनच.

डिस्चार्जच्या कागदावर औषधं सगळी, आहाराची एक ओळ नाही! पुढच्या तपासणीला आहारतज्ज्ञांना भेटायचंच, मीही जाणार सोबत. पांढरा रस्सा चालेल का, हे काकू त्यांना आधी विचारणार आहेत.