पोट चिरण्याची गरज आहे का?

नद्यांतील मोठ्या माशांचा माग काढतो असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मासा कुठे जातो हे समजण्यासाठी त्याचे पोट चिरून आत ट्रान्समीटर ठेवण्याची खरोखर गरज आहे का? वाघाला घालतात तसा जीपीएसचा पट्टा का नाही, हेही लगेच विचारले जाते. जीपीएसचे संकेत पाण्याखाली पोहोचत नाहीत, आणि बाहेरून टोचलेले टॅग फांद्यांत व जाळ्यांत अडकतात, हे मी शांतपणे सांगतो. पण विचारणाऱ्याला खुपत असते ते वेगळेच, आणि मलाही.

एका महसीर मादीला भूल दिली, कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवले, बोटभर चिरेतून ट्रान्समीटर आत सरकवून टाके घातले आणि ती शेपटीच्या जोराने हातातून सुटेपर्यंत तिला प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवले. सुरुवातीला ती प्रवाहाविरुद्ध वर सरकत राहिली. मग एका डोहात सिग्नल थांबला. रिसीव्हरची संवेदनशीलता कमी करत होडी जवळ नेली, तरी तो त्याच कपारीतून येत राहिला. ती तिथे विसावली असेल, मेली असेल, किंवा शरीराने ट्रान्समीटर बाहेर टाकून केव्हाच पुढे निघून गेली असेल. तिन्ही शक्यतांत ऐकू येणारा ठोका सारखाच असतो. नंतर पूर आला आणि त्या खळखळाटात ठोका बुडाला. पाणी ओसरल्यावर डोहात काहीच ऐकू आले नाही, आणि वरच्या-खालच्या रिसीव्हरांवरही तिची नोंद नव्हती.

अशा नोंदी विश्लेषणातून वगळाव्यात, असे मी पूर्वी ठामपणे म्हणत असे. आज त्या पूर्वीच्या माझ्याशी मी वाद घालतो: गप्प झालेले मासे वगळले तर शस्त्रक्रिया निर्धोक दिसणारच. त्यावर तो विचारतो, सगळे मेले असे धरले तर नदी आहे त्याहून घातक ठरणार नाही का? त्याचेही चुकत नाही.

ॲमेझॉनमधील दोरादो हा मोठा मांजरमासा अँडीजच्या पायथ्यापासून समुद्रमुखापर्यंत जाऊन-येऊन सुमारे 11,600 किलोमीटरचा प्रवास करतो, हे 2017 मध्ये मांडले गेले ते कुठे पिल्ले सापडतात आणि कुठे प्रौढ मासे, यावरून. टाके घालून नव्हे. हा दाखला माझ्या विरोधात जातो, आणि तो मला मान्य आहे. कानातील खड्यांच्या रसायनावरूनही माशाचा जीवनप्रवास वाचता येतो, मात्र त्यासाठी मासा मेलेला लागतो. धरणाच्या भिंतीशी आलेला मासा तिथे किती दिवस घुटमळला, मत्स्यमार्गाच्या (धरण ओलांडण्यासाठी माशांकरता बांधलेल्या वाटेच्या) तोंडाशी येऊन परत का फिरला, कोणत्या प्रवाहात वर चढला, हे मात्र जिवंत माशाच्या मागे राहिल्याशिवाय कळत नाही, आणि मत्स्यमार्ग कुठे व कसा बांधायचा, पाणी केव्हा सोडायचे, हे त्याच माहितीवर ठरवावे लागते. म्हणून मी चिरतो. त्या मादीची नोंद कोणत्या रकान्यात घालावी, हे अजून ठरलेले नाही.