उंदराचं हृदय, एमआरआय आणि हट्टी ईसीजी

आज ७ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) एमआरआय स्कॅनरवर निम्मी सकाळ ईसीजीतच गेली. उंदराचं हृदय मिनिटाला ४०० ते ६०० वेळा धडधडतं, म्हणजे एका ठोक्याला जेमतेम १०० ते १५० मिलिसेकंद. प्रत्येक मोजणी आर-लाटेवर, म्हणजे ईसीजीतल्या ठोक्याच्या उंच टोकावर, सुरू व्हायला हवी. पण चुंबकीय क्षेत्रातून वाहणारं रक्त स्वतःच विद्युतदाब तयार करतं, त्यानंतरची टी-लाट फुगते आणि मोजणी सुरू करणारा ट्रिगर तिलाच आर समजून बसतो. मग हृदयाच्या भिंतीची कड दुहेरी येते. मुळात ती भिंतच मिलिमीटरभर जाडीची!

पुढच्या पायांतल्या सुई-इलेक्ट्रोडच्या तारांना एकमेकींचा पीळ घालून त्या सरळ बाहेर काढायच्या, वेटोळं कुठंच नको. तरी ईसीजीनं ऐकलं नाही तर सेल्फ-गेटिंग, म्हणजे ठोक्याची वेळ एमआरआयच्याच सिग्नलवरून काढायची.

खरा घोळ मात्र भूल आणि तापमानाचा. आयसोफ्लुरेन या भुलेच्या वायूच्या ३-४ टक्क्यांवर झोपवून १ ते १.५ वर आणायचं, श्वास मिनिटाला ४० ते ६० ठेवायचा. गुदाशयातला तापमानाचा प्रोब ३७ अंशांच्या आसपास हवा. गरम पाण्याची नळी जरा सरकली की पंचवीस ग्रॅमचा जीव झरझर गार पडतो, ठोके मंदावतात, आणि इजेक्शन फ्रॅक्शनचा (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं त्याचा) आकडा आजाराचा की भुलेचा हेच कळेनासं होतं.

गॅडोलिनियम (चित्र ठळक करणारं औषध) द्यायचं तर शेपटीच्या शिरेतली सुई आधीच बसवा. लांब नळीत किती द्रव अडकतं तेही मोजा, नाहीतर डोस नळीतच राहतो. अंगात रक्तच दोन मिलिलिटरहून कमी, तेव्हा वरून सलाईन ढकलतानाही हात आखडता!