माझा अनुभव: न्यूटनच्या वारसांची सही

फॉर्ममधल्या ‘गीतकाराचे संमतीपत्र’ या एका रकान्यापायी माझे सहा आठवडे गेले. गीतकार म्हणजे ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिणारा जॉन न्यूटन. वारला १८०७ साली.

आमचा कोथरूडचा समूहगानाचा गट, चोवीस जणांचा. एरवी अभंग, भावगीतं, पंधरा ऑगस्टची गाणी. यंदा एका संस्थेच्या डिसेंबरमधल्या महोत्सवात इंग्रजी गाण्यांचा विभाग निघाला: तीन गाणी, पंधरा मिनिटं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी बँकेत परकीय चलन विभागात होते. म्हणजे इंग्रजी माझंच!

ग्रुपवर दोन दिवसांत एक्केचाळीस गाणी आली. त्यातली निम्मी एकट्याने माइक धरून म्हणायची. उरलेल्यांना आमचा गट बसवणाऱ्या सरांनी एकच कसोटी लावली. हार्मोनियमवर सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर वाजवायचा आणि सगळ्यांनी तो ‘आ’कारात धरायचा. ‘डॅनी बॉय’ तिथेच पडलं. चाल सुरेख, पण दीड सप्तकाच्या आसपास पसरलेली. बायकांच्या काळी चारमध्ये घेतलं की वर किंचाळी आणि पट्टी उतरवली की पुरुष विहिरीत.

‘ऑल्ड लँग साइन’ मात्र एका दुपारी बसलं. आमच्यातल्या एका ताईंचा मुलगा खडकवासल्याच्या एनडीएतून पास झालाय. संचलनाच्या शेवटी कॅडेट क्वार्टर डेकवरून शेवटचं पाऊल टाकतात तेव्हा बँडवर हीच धून असते, त्यामुळे ताईंचे डोळे आधी भरले आणि सूर नंतर लागला. ‘अमेझिंग ग्रेस’ही लगेच बसलं. दोन्ही चाली पाच सुरांच्या: सा, रे, ग, प, ध. भूप गळ्यात असलेल्या माणसाला नोटेशनची भीती वाटायचं कारण नाही. फक्त दोन्ही एकामागोमाग म्हणू नका, ऐकणाऱ्याला एकच गाणं लांबलंय असं वाटतं.

तिसरं लिओनार्ड कोहेनचं ‘हालेलुया’, १९८४चं. हे तरुण पोरांचं. काकूंनी विचारलं, “देवाचंच आहे ना?” मी सगळी कडवी मराठीत सांगितली. गच्चीवर आंघोळ करणारी बाई आली, मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीला बांधून ठेवलेला आणि केस कापलेला राजा आला. खोलीत शांतता. “आणि हे म्हणतात कधी?” काकू म्हणाल्या. शेवटी कोणती कडवी घ्यायची ते मतदानाने ठरलं. तेव्हा गाणं सुचवणाऱ्याकडून आधी सगळी कडवी वाचून घ्या. नुसतं धृपद ऐकून हो म्हणू नका.

आता फॉर्म. महोत्सवाला दीडशे रुपयांचं तिकीट होतं, म्हणून संस्थेला हक्कांची कागदपत्रं हवी होती. इथपर्यंत बरोबर आहे. तिकीट नसतं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना सवलत आहे, प्रेक्षक फुकट असले की. आमचे प्रेक्षक फुकट नव्हते.

मी धरून चालले होते की अडेल ते ‘हालेलुया’. कोहेन २०१६ साली गेला. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे २०७६च्या अखेरपर्यंत. तोवर आमच्यातलं सगळ्यात लहान पोर सत्तरीत असेल. पण टेबलापलीकडच्या बाईंनी यादी पाहिली, “हे आमच्या आयपीआरएसच्या लायसन्समध्ये बसतं” म्हणाल्या आणि टिक केली. (आयपीआरएस म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणारी संस्था.) लागलं एक मिनिट!

मग त्यांचं बोट न्यूटनवर आलं. “यांचं संमतीपत्र?”

“ते १८०७ साली वारले.”

“मग वारसांचं आणा.”

मला वाटलं थट्टा करतायत. नव्हत्या करत. हक्क केव्हाच संपलेत, असं मी समजावलं. त्या म्हणाल्या, लेखी द्या. दुसऱ्या खेपेला इंटरनेटवरची माहिती छापून नेली. “इंटरनेटचं चालत नाही.” तिसऱ्या खेपेला त्या रजेवर, आणि त्यांच्या जागी बसलेल्या मुलाने फॉर्मच जुना असल्याचं सांगितलं. नव्या फॉर्ममध्ये रकाना तोच, फक्त चौकट मोठी. ‘लागू नाही’ लिहिलं, तर संगणक पुढे जाईना. ‘ऑल्ड लँग साइन’वाल्या स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचंही तेच. ते गाणं त्याने १७८८ साली छापायला पाठवलं, तेही एका म्हाताऱ्याकडून ऐकून उतरवून घेतलं म्हणून. हे मी बाईंना सांगितलंच नाही. त्या म्हाताऱ्याचं संमतीपत्र मागितलं असतं.

चौथ्या खेपेला माझा आवाज चढला. बाई शांतपणे आमचं नोटेशन उलटंपालटं करत होत्या. पहिल्या पानाच्या तळाशी त्यांनी नख टेकवलं. “आणि हे कोण?”

मुंगीएवढ्या अक्षरांत गोलातला सी, म्हणजे कॉपीराइटची खूण, आणि एक नाव. अरेंजरचं.

मी गप्प झाले. गाणं जुनं असलं, तरी त्याची चार आवाजांतली बांधणी कालपरवाची असू शकते, आणि तिचा हक्क ती करणाऱ्याचा. आम्ही कुठून तरी एक पीडीएफ उतरवून तिच्या चोवीस झेरॉक्स मारल्या होत्या. ‘हालेलुया’चं नोटेशन मात्र रीतसर चोवीस प्रतींचे पैसे भरून घेतलं होतं. (परदेशी साइटवर कार्ड चालत नसेल, तर साइटला शिव्या घालण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. बँकेत जन्म काढलेल्या मला हे तिसऱ्या प्रयत्नाला सुचलं.) बाई वारसांच्या बाबतीत चूक होत्या, झेरॉक्सच्या बाबतीत बरोबर. दोन्ही गोष्टींचा मला सारखाच राग आला.

घरी येऊन कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी उघडली. समूहगानाचं हे मोफत भांडार १९९८पासून आहे आणि तिथे प्रत्येक प्रतीच्या अटी लिहिलेल्या असतात. पण बहुतेक नोटेशन चार आवाजांचं. आमच्यात पुरुष सात, त्यात खरे टेनर, म्हणजे उंच आवाजाचे, दोन. शेवटी कीबोर्ड शिकवणाऱ्या आमच्या एका सभासदाने दोन्ही गाणी नव्याने बांधली: बायकांचे दोन आवाज, पुरुषांचा एक. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. कॅम्पातल्या एका मैत्रिणीकडे आजीचं स्तोत्रांचं जुनं पुस्तक होतं. त्यात न्यूटनचं साल छापलेलं. त्याची झेरॉक्स, सोबत आमच्या बांधणीबद्दल सरांच्या सहीचं पत्र, आणि फॉर्म पुढे सरकला. छापलेलं पुस्तक चालतं!

उच्चारांचं राहिलंच. ‘ग्रेस’चा शेवटचा ‘स’ चोवीस जणांनी म्हटला की कुकरची शिट्टी होते, म्हणून तो प्रत्येक रांगेत एकीनेच म्हणायचा. ‘साउंड’मध्ये ‘सा’वर थांबायचं, ‘उंड’ अगदी सुटताना. आम्ही आधी ‘सा’ सोडून ‘ऊ’वरच रेंगाळायचो, आणि मांजरं भांडल्यासारखं वाटायचं.

कार्यक्रम छान झाला. पत्रिका मी जपून ठेवलीय. गीत: कै. जॉन न्यूटन. संगीत: श्री. पारंपरिक.