लीउवार्डनमधली माझी कांदेबाग

दसरा झाला की आमच्या घरी कांदेबागेची घाई सुरू व्हायची. चोपडा, यावल, रावेरकडच्या केळीवाल्यांना हे सांगायला नको. केळी पावसाच्या तोंडी लावली की ती मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमाराला लावली की ती कांदेबाग. आप्पा एकेक कंद हातात घेऊन अंगठ्याने दाबायचे, मऊ लागला की बाजूला टाकायचे. नेदरलँड्सच्या उत्तरेला, लीउवार्डनला राहायला येऊन मला आता सात वर्षं झाली. इथेही ऑक्टोबर आला की मी अंगणात गुडघे टेकून कंद दाबून बघते. फक्त हे कंद कुठला लसणाच्या पाकळीएवढा, तर कुठला बोराएवढा.

मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर मायला पिशवी उघडून दाखवली. "हाई कांदा शे का लसूण?" तिने विचारलं. दोन्ही नाही माय, आणि चुकून फोडणीत तर मुळीच नाही. स्नोड्रॉप नावाच्या या फुलझाडाचा कंद विषारी असतो.

हॉलंड म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर ट्यूलिप येतात. केउकेनहोफची बाग मीही पाहिली. दरवर्षी सुमारे 70 लाख कंद लावतात तिथे. डोळे दिपतात, खोटं नाही सांगत. पण माझा जीव जडला तो वीतभरही उंच न होणाऱ्या फुलांवर. ही एकदा लावायची, मग ती आपली आपण पसरतात. गवतात, झाडाखाली, कुंपणाच्या कडेला.

जानेवारी संपत आला की पहिला येतो स्नोड्रॉप. तेव्हा इथे सकाळी आठलाही अंधार असतो, माती गारठून घट्ट झालेली असते. ती माती फोडून कोंब वर येतो, कारण त्याच्या पानांची टोकंच निबर असतात. फूल मान खाली घालून असतं. बोटाने हळूच वर उचललं तर बाहेरच्या तीन पांढऱ्याशुभ्र पाकळ्यांच्या आत तीन आखूड पाकळ्या दिसतात, प्रत्येकीवर हिरवा ठिपका. वाऱ्यापावसात जमिनीला टेकलेला हा जीव ऊन पडलं की पुन्हा उभा राहतो.

त्याच्यामागून जांभळे क्रोकस, मग मार्चमध्ये निळीशार सिला. सिलाचे परागसुद्धा निळे असतात. गेल्या मार्चमध्ये एक मधमाशी फुलातून बाहेर पडली, तिच्या मागच्या दोन्ही पायांवर पाटीच्या रंगाच्या निळसर गोळ्या चिकटलेल्या. मी हातातला चहा गार होईपर्यंत तिच्याकडे बघत होते. परागाचा रंग पिवळाच असतो अशी माझी तोवर पक्की समजूत होती.

आमच्या फ्रिसलंड प्रांतात अशा झाडांना एक खास नाव आहे, स्टिन्झनप्लांटन. स्टिन्स म्हणजे फ्रिजियन लोकांचा जुना पक्का वाडा. वाड्यांच्या मालकांनी दूरदूरचे कंद आणून बागेत लावले. सिला तर कॉकेशसकडची. पुढे अनेक वाडे पडले, पण फुलं तिथेच राहिली. आमच्या घराजवळ येल्सुम गावात डेकेमा स्टेट नावाचा असा एक वाडा अजून उभा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या झाडांखाली पाय ठेवायला जागा शोधावी लागते.

पहिल्या वर्षी मी दुकानातून स्नोड्रॉपचे 50 कंद आणले होते. पाच-सहाच उगवले, फार वाईट वाटलं. हे कंद सुकले की दम तोडतात, हे मला माहीत नव्हतं. मग शेजारच्या आजींनी मार्चमध्ये, फुलं सरल्यावर, हिरव्या पानांसकट एक गड्डा उपटून हातात दिला. सांगितलं, आजच्या आज लाव. तो लागला. आता केळीला पिलं फुटावीत तसे त्याच्या भोवती कंदाला कंद फुटलेत. बाकीचे कंद मात्र मी ऑक्टोबरमध्येच लावते. मूठभर उधळायचे आणि जिथे पडतील तिथेच चार बोटं खोल पुरायचे. रांगेत लावले तर ते रानातले वाटतच नाहीत.

आणि पानं कापायची नाहीत. फूल सरल्यावर पानं लोळतात, अंगण गबाळं दिसतं, हात शिवशिवतात. पण पुढच्या वर्षीचं फूल त्याच पानांच्या जोरावर कंदात भरत असतं. मी मे अर्धा सरेपर्यंत त्या गवताला यंत्र लावत नाही. हे आप्पांना एका वाक्यात समजलं. घड उतरवल्यावर केळीचं खोड लगेच आडवं करत नाहीत ना, त्यातला रस पिलाला मिळतो, तसंच हे.

पसरायचं उरलेलं काम मुंग्या करतात. सिलाच्या बियांना एक तेलकट पांढुरका तुकडा चिकटलेला असतो. मुंगी त्या लोभाने बी ओढून नेते, तुकडा खाते आणि बी टाकून देते. म्हणून विटांच्या फटीतही निळं फूल निघतं.

माय दर खेपेला म्हणते, "येतांना चार कांदा लई येजो." माय, आणले असते गं. पण या कंदांना फुलायला दहा-पंधरा आठवडे सलग थंडी लागते. आपल्याकडे डिसेंबरात रात्री हुडहुडी भरते, पण दुपारी स्वेटर काढावाच लागतो. तेवढ्यावर त्यांचं भागत नाही. त्यातून वाचले तर पावसाळ्यात काळ्या मातीत सडतील.

शिवाय आपल्या माळावर त्यांचा भाऊबंद आहेच. रानकांदा! तो याच सिलाच्या कुळातला. इथले कंद उन्हाळ्यात झोपतात, तो मात्र भर उन्हाळ्यात, अंगावर एक पान नसताना, नुसता फुलांचा दांडा घेऊन उभा राहतो. पानं मागून येतात, पावसात. कडू आणि विषारी, म्हणून गुरंही त्याच्या वाटेला जात नाहीत. लहानपणी अडावदजवळच्या उनपदेवला, गरम पाण्याच्या झऱ्यावर जाताना मी ते दांडे काठीने झोडपत चालायचे. आज आठवलं की हात आखडतो.

एप्रिलमध्ये पंधरा दिवस येतेय. माय, एक दिवस पहाटेच रानकांदा बघायला अडावदच्या वरच्या अंगाला जाऊ, ऊन चढायच्या आत. आप्पांनाही घेऊ. खुरपं मात्र घरीच ठेव.