निळी वही

नवरा न्यूमोनियाने अकरा दिवस इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला आयसीयूत होता, व्हेंटिलेटरवर. घरी येऊन महिना झाला, तेव्हा काल कुठे त्याने ती निळी वही उघडली. त्या दिवसांतलं त्याला धड काही आठवत नाही, आणि जे आठवतं ते घडलेलंच नाही. आपल्याला बोटीत बांधून ठेवलं होतं, असं त्याला अजून वाटतं. गुंगीच्या औषधांनी असे भास होतात.

म्हणून ही वही. स्कँडिनेव्हियातून आलेली पद्धत. ज्या नर्सची पाळी, ती चार ओळी लिहिते, थेट पेशंटला उद्देशून. 'आज तुमची दाढी केली. रात्री ताप उतरला. बाहेर बर्फ पडतोय.' मलाही लिहायला सांगितलं. म्हणाली, तुमच्याच भाषेत लिहा, वाचणार तेच आहेत.

रोज दुपारी वॉर्डातला टॅब्लेट त्याच्या कानाशी धरायचे आणि कराडहून सासूबाई रामरक्षा म्हणायच्या. कोविडमध्ये भेटी बंद झाल्या, तेव्हा 'लाइफ लाइन्स' उपक्रमातून इथल्या कितीतरी आयसीयूंना असे टॅब्लेट मिळाले होते. वहीत नोंद आहे, 'तुमची आई तुमच्यासाठी नऊ मिनिटं गात होती.' इथे मला रडू आवरलं नाही.

बाबा पुण्यात आयसीयूत होते, तेव्हा संध्याकाळी एका पासवर एकाला पाच मिनिटं, तेही काचेतून. विचारलं की उत्तर एकच, "क्रिटिकल आहे, बघू." नर्सना मी बोल लावणार नाही. इथे व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला स्वतंत्र नर्स असते, तिथे एकीच्या गळ्यात तीन-तीन खाटा. आणि एक सांगते, बाहेर चटईवर माझा भाऊ होता, काका होते, शेजारच्या काकूंचा डबा होता. इथे मी रात्री आठला कुलूप उघडून अंधारात शिरायचे. ब्रेड खायचे.

बाबांच्या वेळी मी गेले नाही. जाऊनही काचेबाहेरच उभी राहिले असते, असं स्वतःला सांगत आले. ते खरंही आहे. पण वहीला काय लागतं? शंभर पानं आणि एक पेन.

काल रात्री भावाला फोन लावला. म्हटलं, बाबांचे ते नऊ दिवस मला तारीखवार सांग, मी लिहून घेते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा मागितला होता, ताई."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.