ओडूसाठी सर्व्हरची निवड : तिसरी नोंद

ओडू या व्यवसायाचे हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी मी सर्व्हर निवडतो आहे. मागच्या नोंदीत त्याच्या प्रोसेसरचे किती कोर घ्यावेत यावर बरेच लिहिले होते. गेल्या तीन आठवड्यांच्या चाचण्यांनंतर तो प्रश्न मी मागे सारला आहे. ज्या यंत्रावर बीजके, मालसाठा आणि खतावणी राहणार, त्याने नोंद झाल्याची पोच दिली की ती नोंद खरोखरच डिस्कवर गेलेली असली पाहिजे आणि पुढे मागितल्यावर सापडली पाहिजे. आता मी याच कसोटीवर निवड करतो आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमचा निर्णय लांबला नाही. ओडूला अनेक वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या समांतर प्रक्रिया) देऊन चालवण्याची सोय विंडोजवर नाही, त्यामुळे लिनक्स ठरलेलेच होते. जुन्या यंत्रावरच्या सेंटओएस ७ या लिनक्सची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. त्याच्या जागी डेबियन १२ घेतले, कारण त्याला दीर्घकालीन आधार धरून जून २०२८ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत आणि ओडूचा डेटा सांभाळणारी पोस्टग्रेस १५ ही डेटाबेस-प्रणाली त्याच्या पॅकेज-भांडारातच आहे.

खरा धडा स्थलांतरात मिळाला. दोन्हीकडे पोस्टग्रेसची आवृत्ती १५ असल्याने मी डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून नव्या यंत्रावर ठेवली, सेवा सुरू झाली आणि लॉगमध्ये एकही त्रुटी दिसली नाही. दुसऱ्या दिवशी एका वस्तूचा संकेतांक यादीत डोळ्यांसमोर असताना त्याच संकेतांकाची एसक्यूएल क्वेरी शून्य ओळी देऊ लागली. संकेतांकात जोडरेघ होती, आणि कारण नेमके तिथेच होते. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीत अक्षरक्रमाचे नियम बदलले. जुन्या यंत्रावर २.१७ होती, नव्यावर २.३६ आहे. ‘१-१’ आणि ‘११’ यांत आधी कोण, याचे उत्तर दोन्ही यंत्रांवर वेगळे येते. हा डेटाबेस मी हाताने, सिस्टिमच्या भाषेचा अक्षरक्रम ठेवून बनवला होता. त्यामुळे इंडेक्स (शोधासाठीची क्रमवार सूची) जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध मात्र नव्या क्रमाने, अशी स्थिती झाली. पीजी-अ‍ॅमचेक हे तपासणीचे साधन चालवल्यावर बिघडलेले इंडेक्स समोर आले. री-इंडेक्सनेही, म्हणजे इंडेक्स नव्याने रचूनही, काम भागले असते. पण मी पुन्हा जुन्या यंत्रावरून डंप (डेटाची निर्यात केलेली प्रत) घेतला आणि या वेळी ‘सी’ कोलेशनच्या, म्हणजे भाषेचे नियम न पाहता केवळ बाइटच्या क्रमाने लावणाऱ्या, नव्या डेटाबेसमध्ये भरला. ज्यांचे स्थलांतर अजून व्हायचे आहे, त्यांनी फाइली उचलण्याचा मोह कृपया टाळावा.

डिस्कसाठी पीजी-टेस्ट-एफसिंक हे साधन वापरले; एफसिंक म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर लिहून घेण्याचा आदेश. घरगुती वापराच्या एनव्हीएमई डिस्कवर सेकंदाला काहीशे एफसिंक होत होते, तर वीज गेल्यावर कॅशमधला मजकूर वाचवणारे कपॅसिटर असलेल्या सर्व्हर-वर्गाच्या एसएसडीवर तोच आकडा हजारांत गेला. या साधनाचा दुसरा उपयोग खोटेपणा ओळखण्याचा आहे: मिनिटाला ७२०० फेरे घेणारी फिरती डिस्क सेकंदाला १२० फेरेच घेते, त्यामुळे तिने हजारो एफसिंक दाखवले तर वाटेत कुठेतरी कॅश खोटी पोच देत आहे असे समजावे. मेमरी ईसीसीच, म्हणजे स्वतःमधल्या चुका ओळखून दुरुस्त करणारी, घेतली.

कोरबाबत थोडक्यात. ओडूच्या सूत्रानुसार ४ कोरना ९ वर्कर लागतात आणि एक वर्कर साधारण ६ एकाचवेळच्या वापरकर्त्यांना पुरतो. प्रत्येक विनंती एकाच वर्करकडे जात असल्याने संथ १६ कोरांपेक्षा वेगवान ४ कोर मला अधिक उपयोगी वाटले.

रविवारी वीज तोडण्याची चाचणी घेतली. दुसऱ्या यंत्रावरची स्क्रिप्ट कमिटची (व्यवहार कायम झाल्याची) पोच आल्यावरच व्यवहाराचा क्रमांक टिपत होती आणि मी मध्येच सर्व्हरची वायर काढत होतो. अकरा वेळा वायर काढली. अकराही वेळा टिपलेला शेवटचा क्रमांक डेटाबेसमध्ये जागेवर होता. हीच चाचणी आता त्या एनव्हीएमई डिस्कवर घ्यायची आहे.