हरले तर वाटायचं टिपण

१९ जून २०१९. ओमाहाच्या टीडी अमेरिट्रेड पार्कवर फ्लोरिडा स्टेट विरुद्ध टेक्सस टेक, दोन विद्यापीठांचे बेसबॉल संघ. कॉलेज वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे कॉलेज बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या ओमाहातल्या शेवटच्या टप्प्यात, दोन पराभव झाले की गाशा गुंडाळायचा, आणि या दोन्ही संघांना मिशिगनने एकेकदा हरवलेलं होतं. म्हणजे त्या रात्री एक संघ घरी जाणार हे नक्की.

मी तिथे पत्रकार कक्षातल्या आकडेवारीच्या टेबलावर होतो. मूळचा दादरचा. भर पावसात कांगा लीगच्या सामन्यांचं स्कोअरिंग करत मोठा झालो, नोकरीनिमित्त नेब्रास्कात आलो आणि जूनच्या या दोन आठवड्यांत हौसेने हे काम घ्यायला लागलो. प्रत्येक चेंडूची नोंद, प्रत्येक आउटचा आकडा. इथे क्षेत्ररक्षकांना नंबर असतात: चेंडू टाकणारा पिचर १, फलंदाजामागे बसून तो पकडणारा कॅचर २, पहिला बेस ३, असं करत उजव्या कोपऱ्यातला ९. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६. त्याने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला तर ६-३. महिनाभरात हात बसतो.

त्या दिवशी मात्र नोंदींखेरीज आणखी एक काम माझ्याकडे आलं. फ्लोरिडा स्टेट हरली तर पत्रकारांना लगेच वाटायचं अर्ध्या पानाचं टिपण आधीच तयार ठेवायचं होतं. कारण कोच माइक मार्टिन यांचा हा शेवटचा सीझन होता. हरले की त्यांची ४० वर्षांची मुख्य कोचची कारकीर्द त्याच मिनिटाला संपणार. माणूस खाली डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकांपाशी उभा, आणि आम्ही वर बसून त्याच्या निरोपाचा मजकूर लिहितोय. या कामात हे करावंच लागतं. तरी दुपारी लॅपटॉप उघडला तेव्हा मला जड गेलं.

टेबलावरचे आमचे ज्येष्ठ सहकारी या मैदानाआधीच्या जुन्या रोझेनब्लॅट स्टेडियमपासून हे काम करत आलेले. त्यांनी पहिली ओळ सांगून टाकली: "सतरा वेळा ओमाहा, विजेतेपद एकदाही नाही." चूक काहीच नव्हती त्यात. १९८६ ला अंतिम सामन्यात ॲरिझोनाकडून हरले, १९९९ ला मायामीकडून एका धावेने. बाकी वेळा तिथवरही पोचले नाहीत. शिवाय १९६५ मध्ये मार्टिन स्वतः फ्लोरिडा स्टेटचे खेळाडू म्हणून ओमाहात आले होते, तेव्हाही हात रिकामेच.

मी म्हटलं, ही ओळ राहू दे, पण पहिली नको.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग पहिली कुठली?"

मी वर्षवार तक्ता त्यांच्यासमोर धरला. १९८० ते २०१९, चाळीस ओळी. प्रत्येक ओळीत राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश आणि प्रत्येक ओळीत किमान ४० विजय. एकही वर्ष कोरं नाही. मी बोट खालीपर्यंत नेलं. ते कुठेच थांबलं नाही.

कॉलेज बेसबॉलचं गणित माहीत असेल तर हा तक्ता पाहून चक्रावायला होतं. व्यावसायिक क्लबासारखा इथे चांगला खेळाडू दहा वर्षं हाताशी राहत नाही. शाळा संपताच मुलाला व्यावसायिक ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत घेतात. तसं न होता तो चार वर्षांच्या कॉलेजात आलाच, तर साधारणपणे तिसऱ्या वर्षानंतर किंवा एकविशीत त्याला उचलतात. म्हणजे कोचने घडवलेला सर्वोत्तम खेळाडू ऐन भरात निघून जाणार हे ठरलेलंच. पैशाचं म्हणाल तर त्या काळच्या नियमांनुसार एका संघाला एकूण ११.७ शिष्यवृत्त्या मिळत. त्या जास्तीत जास्त २७ मुलांत वाटायच्या आणि संघात ३५ मुलं. कुणाला अर्धी फी, कुणाला पाव, कुणाला काहीच नाही. आईबापांना हे समजावून मुलगा फ्लोरिडा स्टेटच्या गावी, टॅलाहासीला आणायचा, दर वर्षी नव्याने. चाळीस वर्षं हे सगळं एकाच माणसाने सांभाळलं आणि त्यात एकही वर्ष संघ ढेपाळला नाही. माझ्या मते या खेळातली ही सर्वांत अवघड कामगिरी आहे, विजेतेपदापेक्षाही. विजेतेपदात जूनमधले काही दिवस पिचरचा हात साथ देतो की नाही, यावर फार अवलंबून असतं.

सहकाऱ्यांनी मार्टिन यांचा जुना खेळाडू बस्टर पोझीचं नाव काढलं आणि मग आमच्या बोलण्याला रंग चढला. पोझी कॉलेजात आला तो शॉर्टस्टॉप म्हणून. दुसऱ्या वर्षी त्याला कॅचर केलं. चांगला चाललेला शॉर्टस्टॉप काढून त्याला मास्क आणि पॅड चढवायला लावणं हा केवढा मोठा निर्णय! कॅचरला चेंडू पकडायचा असतो, पिचरचं डोकं सांभाळायचं असतं, संपूर्ण मैदान त्याच्यासमोर असतं आणि प्रत्येक चेंडूला उकिडवं बसायचं असतं. पोझीने ते वर्षभरात आत्मसात केलं. मे २००८ मध्ये सवाना स्टेटविरुद्धच्या एका सामन्यात तो नऊच्या नऊ जागांवर खेळला. आमच्यासारख्या स्कोअररच्या दृष्टीने सांगायचं तर एका माणसाच्या नावापुढे १ पासून ९ पर्यंतचे सगळे आकडे! त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर घेतलं आणि २०१०, २०१२, २०१४ अशा व्यावसायिक बेसबॉलच्या तीन वर्ल्ड सीरिज त्याने कॅचर म्हणून जिंकल्या. डिऑन सँडर्स, जे. डी. ड्रू हेही मार्टिन यांच्याच हाताखालचे. मार्टिन यांच्या जर्सीवर ११ आकडा, म्हणून मुलं त्यांना 'इलेव्हन' म्हणत.

शेवटी टिपणाचा क्रम ठरला. आधी २,०२९ विजय, मग ४० पैकी ४० वर्षं, मग सतरा वेळा ओमाहा आणि विजेतेपद शून्य. तो शून्य काढावा असं मला क्षणभरही वाटलं नाही. स्कोअररने काही झाकायचं नसतं. पण कोणता आकडा आधी वाचला जातो त्यावर माणूस कसा लक्षात राहतो ते ठरतं, आणि तेवढं तरी आमच्या हातात होतं.

२,०२९ वा विजय चारच दिवसांपूर्वी, याच मैदानावर आर्कन्सॉविरुद्ध १-० असा मिळालेला. त्या वर्षी फ्लोरिडा स्टेटचा संघ इथवर येईल असं फारसं कुणी धरलं नव्हतं. ओमाहाआधीच्या फेऱ्यांत, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सच्या गटात त्यांना तिसरं मानांकन होतं. तिथे त्यांनी यजमान जॉर्जियालाच झोपवलं, मग बॅटन रूजला जाऊन एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) दोन्ही सामन्यांत हरवलं, त्यातला दुसरा बाराव्या डावात. पंचाहत्तर वर्षांच्या कोचसाठी ती पोरं जीव तोडून खेळत होती, हे आकड्यांतही दिसत होतं.

त्या रात्री मात्र बॅटी चालल्या नाहीत. टेक्सस टेक ४, फ्लोरिडा स्टेट १. नवव्या डावात माझं अर्धं लक्ष मैदानावर आणि अर्धं त्या फाइलवर होतं. शेवटचा आउट झाला, मी नोंद केली, एंटर दाबलं आणि स्क्रीनवर मार्टिन यांच्या नावापुढचे पराभव ७३५ चे ७३६ झाले. विजय २,०२९, पराभव ७३६, बरोबरी ४. आता यात कधीच काही बदलणार नव्हतं. या कामात मी हजारो आकडे भरलेत, पण एखादा भरताना बोटं की-बोर्डवर थांबली ती त्या रात्रीच. सहकाऱ्यांनी काही न बोलता प्रिंटरकडे खूण केली. प्रती निघाल्या, मी टेबलाटेबलावर जाऊन वाटल्या. एका तरुण पत्रकाराने वाचता वाचता मान वर करून विचारलं, "चाळीसपैकी चाळीस? खरंच?" मी तक्ता काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने एकेक ओळ पेनाने टिकमार्क करत तपासली आणि बातमीची सुरुवात बदलून लिहायला बसला.

मार्टिन फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. त्याच वर्षी जूनमध्ये फ्लोरिडा स्टेट पुन्हा ओमाहात आली. कोच लिंक जॅरेट, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मार्टिन यांच्याच संघात शॉर्टस्टॉप असलेले. टेनेसीकडून एका धावेने हरले, मग व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनाला हरवलं, पुन्हा टेनेसीकडूनच हरून बाहेर पडले. विजेतेपद याही वेळी नाही. जॅरेट यांचं टिपण करायला मी नवीन तक्ता उघडला. मुख्य कोच म्हणून फ्लोरिडा स्टेटमधल्या त्यांच्या जेमतेम दोन ओळी होत्या.